अर्धं कडं

घड्याळवाल्याच्या मागच्या अंगणातलं बोराचं झाड भिंतीजवळ नाही, भिंतीत उभं आहे. गवंड्याने दोन्हीकडून भिंत खोडापर्यंत आणली आणि दोन्ही अंगांना तीन-तीन बोटांची फट ठेवून थांबवली, वाऱ्यात खोड हललं तर विटा निखळू नयेत म्हणून. अर्धं खोड अलीकडे, अर्धं पलीकडे. अलीकडे घड्याळवाला आणि त्याची बायको. पलीकडे त्याची धाकटी बहीण, एकटी. तिने तीस वर्षं रुग्णालयात नर्सची नोकरी केली, म्हणून अख्खी गल्ली तिला सिस्टर म्हणते. सख्खा भाऊ तेवढा म्हणत नाही. तो तिला ‘पलीकडची’ म्हणायचा, आणि तेही दुसऱ्याशी बोलताना. भिंत झाल्यापासून अकरा वर्षं तो तिच्याशी एक अक्षर बोलला नव्हता.

घड्याळवाला हा लोभस माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. घराची पुढची खोली म्हणजे त्याचं दुकान. खिडकीखाली टेबल, टेबलावर काचेच्या वाट्या उपड्या घातलेल्या, त्यांच्याखाली स्क्रू, दातेरी चाकं आणि केसापेक्षा बारीक स्प्रिंगा. तो डोळ्याला भिंग लावून बसलेला असायचा आणि गिऱ्हाईक आलं तरी मान वर करायचा नाही. कुणी म्हणालं, ‘पाण्यात पडलं हो घड्याळ,’ की तो म्हणायचा, ‘पडलं नाही. पाडलंत.’ कुणी म्हणालं, ‘आपोआप बंद पडलं,’ की तो घड्याळ उघडायच्या आधीच चावी कुणी जास्त पिळली ते विचारायचा. त्याच्या मते जगात काही आपोआप होत नाही, प्रत्येक गोष्ट कुणीतरी बिघडवलेली असते. आणि तो कुणीतरी तो स्वतः कधीच नसायचा. एवढं सोडलं तर हात मात्र सोन्याचा होता. त्याने जोडलेलं घड्याळ वर्षानुवर्षं मिनिटभर इकडेतिकडे व्हायचं नाही, म्हणून लोक त्याची बोलणी खाऊनही त्याच्याकडेच यायचे.

झाड त्याच्या वडिलांनी लावलेलं. वडील पाणीपुरवठ्याचा पंप चालवायचे. त्यांना कुणीतरी ओल्या गोणपाटात गुंडाळून हातभर काडी दिली आणि हे बोर आहे म्हणून सांगितलं. इथे हिवाळ्यात बादलीतलं पाणी गोठतं, इथे कसलं बोर येतंय, म्हणून सगळे हसले. पण हे बोर थंडीतलंच होतं. थंडी पडली की ते पानं टाकतं, बारीक डहाळ्यासुद्धा टाकतं, आणि महिनोन् महिने वाळक्या काटक्यांसारखं उभं राहतं. बाकीची झाडं हिरवीगार झाली तरी हे ढिम्म. पहिल्या वर्षी आईने ते मेलं समजून उपटायला काढलं होतं. वडील म्हणाले, अजून आठ दिवस थांब. आठ दिवसांनी त्याला पालवी फुटली. त्यानंतर दर वर्षी आई त्या झाडाला ‘आळशी’ म्हणायची आणि दर वर्षी तेच आठ दिवस वाट बघायची.

झाडाची खोड एकच होती. उन्हाळा लागला की पिवळट बारीक फुलांनी ते लगडून जायचं, अंगणभर गोड वास सुटायचा, गांधीलमाश्या घोंघावायच्या, आणि शेवटी फळं मात्र मूठभर. मग वडिलांना एका म्हाताऱ्या माळ्याने कडं घालायला शिकवलं. झाड ऐन फुलात असताना खोडाभोवती सालीची एक पट्टी कापून काढायची, गव्हाच्या दाण्याच्या रुंदीची, पार लाकडापर्यंत, पूर्ण गोल. पानांनी बनवलेला रस सालीतून मुळांकडे उतरतो. कडं घातलं की त्याला वाट उरत नाही, तो वरच थांबतो आणि फळांना मिळतो. महिना-दीड महिन्यात साल भरून येते आणि वाट पुन्हा सुरू होते. पट्टी रुंद झाली तर साल भरत नाही, झाड मरतं. अरुंद झाली तर आठवड्यात भरून येते आणि केलेलं वाया जातं. आणि एक बोटभर साल जरी कापायची राहिली, तरी रस तेवढ्या पुलावरून गुपचूप खाली उतरतो आणि झाड फळं गाळून टाकतं.

असं काम घड्याळवाल्याशिवाय कुणाला देणार? वडिलांनी कलमाची सुरी त्याच्या हातात दिली ती कायमची. दर वर्षीचं कडं मागच्या वर्षीच्या तीन बोटं वर. भरून आलेली कडी खोडावर वळ राहावेत तशी दिसायची, आणि त्याला ती सगळी पाठ होती. गुडघ्याखालचं एक सरळसोट कडं दुकान सुरू केलं त्या वर्षीचं. त्याच्या वरचं थोडं नागमोडी, मुलगी लग्न करून लांब गेली तेव्हाचं. मांडीच्या उंचीवर मधेच मोकळी जागा, कारण वडील गेले त्या उन्हाळ्यात कुणाला कड्याची आठवण झाली नाही. त्याच्या वर पुन्हा एकावर एक कडी, आणि आता ती छातीला लागली होती. वरच्या अकरा कड्यांमधला प्रत्येक वळ मात्र त्याला फक्त अर्धाच दिसायचा. उरलेला अर्धा भिंतीपलीकडे होता.

भिंत बहिणीने घातली. झाड तोडायचं कुणी बोललं नाही, आणि कुणी कुणाला काही विचारलंही नाही. भिंत पुरी झाली त्या दिवशी घड्याळवाल्याने दोन्ही फटींत लांब काडीचा कुंचला घालून खोडावर वरपासून खालपर्यंत पांढरी रेघ ओढली. रेघेपर्यंत माझं, पुढचं तुझं. त्या वर्षी फुलं आली तेव्हा तो सुरी घेऊन उभा राहिला आणि त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला अर्धंच कडं घालता येणार. तो तसाच चरफडत उभा असताना डाव्या फटीतून मेण लावलेल्या दोऱ्याचं टोक आत आलं. त्याने ते ओढून घेतलं, खोडावर उंची धरून आडवं नेलं आणि उजव्या फटीतून पलीकडे ढकललं. दोरा ताणला गेला. मग पलीकडून खोडावर दोनदा टकटक झालं. त्याने आपली बाजू कापली आणि दोनदा टकटक केली, मग पलीकडे खरवडल्याचा आवाज झाला. ती शस्त्रक्रियेच्या जुन्या पात्याने कापायची. पुढे दर वर्षी हेच, फुलं आल्याच्या बाराव्या दिवशी, दुपारच्या उजेडात. काम झालं की तो साबणाने हात धुवायचा, कारण दोऱ्याला तिचा हात लागलेला असायचा.

‘असं हात धुता,’ बायको म्हणायची, ‘की जणू दोऱ्यातनं काही लागणार आहे.’

‘तू बोलू नकोस.’

‘मी कुठं बोलते? या घरात न बोलायचा मान तुम्हा बहीणभावांचा.’

बायकोचं तोंड असं चालायचं आणि तो ते ऐकून घ्यायचा, कारण दुसरं कुणी त्याच्याजवळ तेवढा वेळ उभं राहायचं नाही. या झाडाचं पान चावलं की पंधरा मिनिटं जिभेला गोड लागत नाही, साखर मातीसारखी लागते. एकदा कुणी पाहुणा हे ऐकून चकित झाला, तर ती म्हणाली, ‘आमचे हे रोज उठल्या उठल्या एक चावतात.’

पण शरद लागला की त्याचाही चेहरा थोडा सैल व्हायचा. बोरं लिंबाएवढी व्हायची. त्यांच्यावर आधी पांढुरकी झाक यायची, मग एका गालावर तपकिरी डाग पडायचा आणि तो पसरत जायचा. अर्धं बोर तपकिरी झालं की तोडायचं. तेव्हा ते दाताखाली करकर वाजतं, आणि गोडीला शेवटी थोडासा आंबट चिमटा असतो. उरलेली झाडावरच सुरकुतू द्यायची आणि मग पसरट टोपल्यांत गच्चीवर वाळवायची. खाली पडलेलं बोर ज्या बाजूला पडेल त्या बाजूचं, हा न बोलता ठरलेला कायदा. भिंतीवर पडलं तर ते पक्ष्यांचं. नऊ वर्षं दोन्हीकडच्या टोपल्या भरत होत्या.

दहाव्या वर्षी झाडाने बोरं गाळली. सुपारीएवढी होण्याच्या आतच अंगणात सडा पडला. अकराव्या वर्षी पुन्हा तेच. अलीकडे मूठभर, पलीकडे मूठभर. आणि घड्याळवाल्याने एका क्षणात निदान केलं.

‘पलीकडची कडं पुरं करत नाही. बोटभर साल मुद्दाम सोडते.’

‘अहो, तिचीही बोरं गेलीच की,’ बायको म्हणाली.

‘मला मिळू नयेत म्हणून ती स्वतः उपाशी राहील. मी ओळखतो तिला.’

हे तो आधी बायकोला म्हणाला, मग गिऱ्हाइकांना, मग समोरच्या शिंपिणीला. समोरची शिंपीण म्हणजे गल्लीचं वर्तमानपत्र. रस्त्याच्या पलीकडे तिचं दुकान, दार सताड उघडं, दारातच मशीन. एका बाजूने कापड आत जायचं आणि दुसऱ्या बाजूने बातमी बाहेर यायची. आठ दिवसांत गल्लीला कळलं, की सिस्टर भावाची बोरं मारते.

आता तिच्याबद्दल असं बोलायला त्याची जीभ इतकी सहज का वळली, ते सांगायला हवं.

अकरा वर्षांपूर्वी आई अंथरुणाला खिळली होती. अर्धांगवायूने तिची उजवी बाजू गेली होती आणि गिळणं अवघड झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, की मऊसूत केलेलं काहीही एका वेळी दोन चमच्यांवर द्यायचं नाही, नाहीतर घास श्वासात जाईल. आईला बोर हवं होतं. बहिणीने वाळलेली बोरं शिजवली, सालं आणि बिया काढल्या, फडक्यातून गर गाळला. दुपारी तिने आईला उशाला टेकवून बसवलं, मोजून दोन चमचे भरवले, वाटीवर ताटली झाकली आणि पाळीवर निघाली. जाताना दारातून म्हणाली, ‘दादा, आता पुरे हं. उरलेलं मी आल्यावर देईन.’ ती गेली आणि आईने डाव्या हाताने ताटलीवर बोट वाजवलं. घड्याळवाला तेव्हा शेजारीच बसला होता. आईने पुन्हा बोट वाजवलं आणि तोंड उघडलं. त्याने चमचा भरला. मग दुसरा, तिसरा, वाटी रिकामी होईपर्यंत. बऱ्याच दिवसांनी आई काहीतरी आवडीने खात होती. शेवटच्या चमच्याला ठसका लागला आणि तो बराच वेळ थांबेना. दुसऱ्या दिवशी ताप चढला. पाचव्या दिवशी आई गेली.

डॉक्टर घरी आले होते. त्यांनी विचारलं, ‘जास्त भरवलं होतं का कुणी?’ खोलीत नातेवाईक होते आणि दारात समोरची शिंपीण उभी होती. घड्याळवाला म्हणाला, ‘भरवायचं काम हिच्याकडे.’ बहिणीने त्याच्याकडे बघितलं. ती म्हणाली, ‘मी दोन चमचे दिले.’ तो म्हणाला, ‘नर्स असून एवढं कळू नये? तुझ्या हातानं गेली आई.’

ते वाक्य शिंपिणीने गल्लीत नेलं, नातेवाइकांनी गावोगाव नेलं, आणि कुणीतरी ते रुग्णालयातही पोचवलं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या आयांना भरवणाऱ्या बाईकडे लोक वेगळ्या नजरेने बघू लागले. दोन महिन्यांनी गवंडी आला. ती वाटी कुणी रिकामी केली, हे जगात फक्त आपल्यालाच ठाऊक आहे असं घड्याळवाला धरून चालला होता. आधी त्याला ते टोचायचं. मग त्याने त्याच्यावर उपाय शोधला. बहीण मुळातच वाईट आहे, असं एकदा ठरवलं की खोटं तेवढंसं खोटं वाटत नाही. तो वर्षानुवर्षं तिचे दोष गोळा करत राहिला, आणि बोरं गळाली तेव्हा त्याला राग आला त्यापेक्षा बरंच जास्त बरं वाटलं.

फक्त तोंडी बोलून त्याचं भागेना. त्याला साक्षीदार हवा होता. हिवाळ्यात झाड उघडंबोडकं झालं आणि खोड नीट दिसू लागलं, तेव्हा त्याने बाजारातल्या रोपवालीला बोलावलं. ती कलमं बांधून विकायची. तिची बोटं नेहमी मातीने काळी असायची आणि भीड नावाची गोष्ट तिच्याकडे नव्हती. पण अर्धं खोड पलीकडे, म्हणजे पलीकडे जायला हवं. त्याने बायकोला निरोप घेऊन पाठवलं. ती दोन मिनिटांत परत आली.

‘काय म्हणाली?’

‘म्हणाली, येऊ दे. पायपुसण्याला पाय पुसून ये म्हणावं.’

अकरा वर्षांनी तो त्या अंगणात गेला. पाय पुसले. अंगण झाडून लखलखीत होतं. दोरीवर पांढऱ्या चादरी वाळत होत्या, कोपऱ्यात वडिलांची लोखंडी खुर्ची होती आणि तिला नवा रंग दिलेला होता. बहीण पायरीवर बसून टॉवेलाच्या घड्या घालत होती. तिचे केस पार पांढरे झाले होते. भिंतीवरून तिचा फक्त हात दिसायचा, त्यामुळे हे त्याला माहीत नव्हतं. तिने मान वर केली नाही.

रोपवालीने दोन्ही अंगणांतून खोड पाहिलं. मग घड्याळवाल्याचाच लांब दांड्याचा बारीक आरसा घेतला, पलीकडच्या बाजूने, दोरा यायचा त्याच फटीत घातला आणि दुसऱ्या हाताने वळांवरून नख फिरवलं. घड्याळवाला हाताची घडी घालून निकालाची वाट बघत होता. बायको मागे उभी होती.

‘नऊ कडी बरोबर आहेत,’ रोपवाली म्हणाली. ‘वरची दोन तुटलीत. इथं, या फटीत. बोटभर साल सुटलीय.’

‘मी काय सांगत होतो?’ घड्याळवाला बायकोकडे वळून म्हणाला.

‘ही पांढरी रेघ कशाची?’

‘वाटणीची. रेघेपलीकडचं तिनं कापायचं, अलीकडचं मी.’

रोपवालीने पुन्हा आरसा फिरवला. ‘मग सुटलंय ते तुमच्या बाजूला. यांचा काप रेघेपर्यंत आलाय. रेघेच्या पुढं आलाय. खालच्या कड्यात नखभर, वरच्यात त्याच्या दुप्पट. इतक्या अडचणीतनं हात घालून यांनी जेवढं जमेल तेवढं तुमचं कापलंय. तुम्ही मात्र रेघेच्या दोन बोटं आधीच थांबलाय. दोन्ही वर्षं.’

‘शक्य नाही.’

‘हा आरसा. बघा की.’

त्याने आरसा घेतला. डोळ्यांपुढे धूसर पांढरं दिसत होतं, रेघ कुठली आणि उजेड कुठला ते कळेना. खरं तर नजर अधू झालीय हे त्याला गेल्या दोन वर्षांपासून माहीत होतं. बायकांची छोटी घड्याळं त्याने घेणंच बंद केलं होतं. सुटे भाग मिळत नाहीत, असं तो सांगायचा. त्याने आरसा बाजूला ठेवला आणि फटीत बोट घातलं. डोळ्यांनी फसवलं तरी बोटांनी कधी फसवलं नव्हतं. बहिणीचा वळ बोटाला लागला, सरळ, सारख्या रुंदीचा, आणि रेघ जिथे असायला हवी तिथून पुढे गेलेला. मग गुळगुळीत, अखंड साल. बोटभर. आणि मग कुठे त्याचा स्वतःचा वळ.

‘फटीत उजेड नसतो,’ तो म्हणाला.

‘यांच्या बाजूनंही नसतो,’ रोपवाली म्हणाली. ‘डोळे दाखवा कुणाला तरी. मोतीबिंदू दिसतोय. मला इथनं दिसतोय.’

बायको त्याच्यासाठी न थांबता घरी निघाली. बहिणीने टॉवेलांचा गठ्ठा उचलला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. दार तिने आपटलंसुद्धा नाही.

तो हिवाळा त्याला जड गेला. दुकानात बसला की हात थांबायचे. गिऱ्हाईक म्हणालं, आपोआप बंद पडलं, तर तो नुसतं ‘हं’ म्हणायचा, आणि लोक घाबरून तब्येत विचारायचे. बोरांचं त्याला एवढं वाटत नव्हतं. पण ती दोन वर्षं रेघ ओलांडून त्याचं राहिलेलं कापत होती, आणि तो गल्लीभर तिचं नाव घेत होता. ती मुळातच वाईट आहे, या एका खांबावर त्याने अकरा वर्षं टेकवली होती. तो खांब रोपवालीने नखाने पाडला. आता आईच्या वाटीला टेकायला काहीच उरलं नाही. डोळे मिटले की ताटलीवर वाजणारं आईचं बोट ऐकू यायचं. शिंपीण एकदा रस्त्यातून ओरडून म्हणाली, ‘काय घड्याळवाले, कुणाचा दोष निघाला?’ तो म्हणाला, ‘झाडाचा,’ आणि आत गेला. बायकोने ते ऐकलं. त्या दिवशी तिने त्याला चहा दिला तो कप टेबलावर ठेवून, हातात नाही.

उन्हाळ्यात फुलं आली. बाराव्या दिवशी दुपारी तो सुरी घेऊन झाडापाशी गेला. जायचं नाही असं त्याने मनाशी ठरवलं होतं, तरी गेला. गांधीलमाश्या घोंघावत होत्या. डाव्या फटीतून दोरा आला, नेहमीसारखा. त्याने तो फिरवून उजवीकडून परत दिला. पलीकडून दोनदा टकटक झालं.

समोरचा भाग त्याने बोटांच्या अंदाजाने कापला. उजवी फट कशीबशी जमली. डावीकडे आला आणि अडला. सुरी आत घातली, पण टोक कुठे टेकवायचं तेच कळेना. कमी कापलं तर बोरं गेली. अंदाजाने रुंद कापलं तर झाड गेलं. तो तसाच उभा राहिला. घाम डोळ्यांत गेला, तो त्याने बाहीने पुसला. पलीकडे ती वाट बघत होती. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता.

मग फटीतून तिचं पातं पुढे आलं आणि त्याच्या सुरीच्या टोकाला लागून खणकन् वाजलं. तिने पात्याने त्याची सुरी थोडी वर ढकलली, थोडी पुढे नेली आणि सालीवर टेकवली.

‘इथं. आंधळ्या.’

अकरा वर्षांतला हा पहिला शब्द. त्याने सुरी दाबली आणि तिच्या पात्याच्या आधाराने काप पुढे नेला. साल सुटून आली, ओली, आतून हिरवट. काप रेघेपर्यंत पोचला ते त्याला डोळ्यांनी दिसलं नाही, हाताला कळलं. सुरी मोकळी झाली. तिने पातं मागे घेतलं.

‘आईला उरलेली वाटी मी भरवली होती,’ तो फटीत तोंड घालून म्हणाला.

 त्याला वाटलं तिला ऐकू गेलं नाही, आणि एकदा सांगायला लागलं तेच इतकं जड होतं, की पुन्हा कसं सांगणार ते त्याला कळेना.

‘तू गेल्यावर. तिनं मागितली. सगळी दिली मी.’

‘माहीत आहे,’ बहीण म्हणाली.

‘कसं?’

‘पाळीवरनं आले तेव्हा वाटी रिकामी होती. मीच धुतली ती.’

तो खोडाला धरून उभा राहिला. हाताला रस लागून चिकट झाला होता.

‘मग त्या दिवशी बोलली का नाहीस?’

‘वाटी धुऊन झाली होती. कुणाला काय दाखवू? आणि मला वाटलं तू सांगशील. डॉक्टर गेल्यावर सांगशील, बारा दिवस झाल्यावर सांगशील. मग भिंत घातली.’ तिचा आवाज वर चढला नव्हता. रुग्णाच्या नातेवाइकाला काही समजावून सांगावं, तशी ती बोलत होती. ‘तिनं मागितली तर मीही दिली असती कदाचित. त्याचा राग नाही माझा. एकदाही नव्हता.’

‘चुकलो मी.’

‘हे मला कशाला सांगतोस, दादा? मला माहीतच होतं. माझं नाव तू कुणाकुणापुढं घेतलंस? त्यांना सांग.’ आणि मग, जरा थांबून, ‘सुरी बाजूला घे आता. माझी बाजू राहिलीय.’

पलीकडे खरवडल्याचा आवाज सुरू झाला, एकसारखा, न घाई करता.  मग त्याने सुरी खिडकीत ठेवली आणि घरातून चालत पुढे आला. मोरीपाशी थांबला नाही. दुकानात बायको कुणाच्या तरी घड्याळाला पट्टा लावत होती. तिने त्याचे चिकट हात बघितले.

‘हात धुवा की.’

‘आल्यावर.’

‘कुठं निघालात?’

‘चल, तूही चल. तुलाही ऐकायचंय.’

तिने पट्टा खाली ठेवला. दोघं रस्ता ओलांडून गेली. शिंपीण दारातच होती, पायाखाली मशीन धडधडत होतं आणि तोंडात दोन टाचण्या होत्या. त्याला बघून तिने हसून मान हलवली आणि कापड पुढे सरकवत राहिली. अकरा वर्षांपूर्वी तो एक वाक्य बोलला होता आणि ते हिच्याच दारातून गल्लीभर गेलं होतं.

‘मशीन थांबवा,’ घड्याळवाला म्हणाला. ‘आई कशी गेली ते मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं.’

शिंपिणीने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि मशीनवरून पाय उचलला.